ग्रॅव्हिटी रेसरला हायड्रॉलिक ब्रेक: हिशेब रस्त्यापासून पायाकडे

घरी बनवलेल्या ग्रॅव्हिटी रेसरला इंजिन नसतं, गिअर नसतो. उतारावर सुटली की तिला आवरायला ब्रेकशिवाय दुसरं काहीही नाही. तरीही बहुतेक नवखे आधी सांगाडा वेल्ड करतात, मग स्टिअरिंग, मग सीट, आणि शेवटी ब्रेक कुठे बसतोय ते बघतात. तोवर चाकाजवळ डिस्कला जागा उरलेली नसते, कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग) टांगायला टणक लोखंड नसतं आणि पेडलवर पाय सरळ पडत नाही. म्हणून पहिली विनंती ही, की लोखंड कापायच्या आधी ब्रेक कागदावर पुरा करा.

दुसरी गोष्ट हिशेबाच्या दिशेची. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोरानं तेलात दाब तयार करणारा भाग, कुठला मिळतोय इथून सुरुवात करू नका. टायर रस्त्यावर किती जोर धरू शकतो तिथून निघा आणि डिस्क, पॅड, पिस्टन, तेल, पेडल असं करत पायापर्यंत या. या लेखात एकच नमुना गाडी धरून तसंच जाऊ: मोठ्या माणसासकट वजन १५० किलो, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर १.५ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४० सेंटिमीटर, वजन पुढे-मागे निम्मंनिम्मं, चारही चाकं २० इंची आणि चारही चाकांना डिस्क. तुमचे आकडे वेगळे असतील. ते याच जागी घाला.

गाडी किती वेगात येणार

उताराची लांबी इथे दुय्यम आहे, गाडी उभ्या रेषेत किती खाली येते ते महत्त्वाचं. हवेचा आणि बेअरिंगचा विरोध सोडून दिला तर १० मीटर खाली आलेली गाडी ताशी ५० किलोमीटर गाठते आणि २० मीटर खाली आलेली ताशी ७१. गाडी जड असो की हलकी, हा आकडा बदलत नाही. प्रत्यक्षात वेग थोडा कमी भरेल, पण ब्रेकसाठी हाच धरायचा.

नमुना गाडीसाठी आपण अर्धा जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या निम्मं, मंदन मागू. म्हणजे दर सेकंदाला वेग ताशी सुमारे १८ किलोमीटरनं उतरला पाहिजे. सपाट रस्त्यावर ताशी ५० वरून थांबायला यात जवळपास २० मीटर लागतात. दहास एक अशा उतारावर तोच ब्रेक तेवढ्याच जोरानं दाबला तर एक दशांश जी उतारच खातो, आणि अंतर २५ मीटरच्या आसपास जातं. शिवाय चालकाला धोका दिसून पाय पेडलवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्या सेकंदात गाडी आणखी १४ मीटर पुढे गेलेली असते. शर्यतीच्या शेवटी मोकळी जागा किती लागेल, हे या बेरजेवरूनच ठरवा.

वजन पुढे सरकतं, म्हणून पुढचे ब्रेक हवेतच

सोपा हिशेब व्हावा म्हणून १ किलो वजन म्हणजे १० न्यूटन धरू. गाडीचं वजन १५०० न्यूटन, अर्ध्या जीला एकूण ब्रेकचा जोर ७५० न्यूटन. ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं. किती, ते काढायला ब्रेकचा जोर गुणिले गुरुत्वमध्याची उंची भागिले चाकांतलं अंतर: ७५० × ०.४ ÷ १.५ = २०० न्यूटन. म्हणजे पुढच्या दोन चाकांवर ९५० आणि मागच्या दोनवर ५५०.

सोय म्हणून फक्त मागच्या चाकांना ब्रेक लावण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण ती वळत नाहीत आणि नळ्या न्यायला सोप्या जातात. पण कोरड्या रस्त्यावर टायरची पकड वजनाच्या ०.७ पट धरली, तर वजन पुढे सरकल्यावर नुसती मागची चाकं जेमतेम ०.३ जी देतात. त्याहून जोरात दाबलं की ती घसरतात. घसरणारं चाक बाजूलाही पकड धरत नाही, त्यामुळे गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो. पुढची चाकं आधी अडकली तर वळता येत नाही, हेही वाईटच, पण गाडी निदान सरळ तरी जाते. तेव्हा वाटणी अशी करायची की पुढच्यांना वजनाच्या प्रमाणात जास्त जोर मिळावा आणि मागची कधीही आधी अडकू नयेत. आपल्या गाडीत पुढे ६३ टक्के, मागे ३७ टक्के. म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकाला २३७ न्यूटन, मागच्या प्रत्येकाला १३७.

वजनाची वाटणी मोजायला न्हाणीघरातला वजनकाटा पुरतो. चालकाला बसवून एकेका चाकाखाली काटा ठेवा आणि बाकीच्या तीन चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या फळ्या.

चाकापासून पिस्टनपर्यंत

२० इंची चाकाची टायरसकट त्रिज्या २५ सेंटिमीटर धरू. पुढच्या चाकाला लागणारा टॉर्क (फिरवणारा जोर) २३७ × ०.२५, म्हणजे ५९ न्यूटन-मीटर. १६० मिलिमीटरच्या सायकल डिस्कवर पॅड मध्यापासून साधारण ७० मिलिमीटरवर घासतो. पॅड दोन्ही बाजूंनी दाबतात आणि त्यांचं घर्षण ०.४ धरलं, तर पॅडवरचा दाबता जोर ५९ ÷ (२ × ०.४ × ०.०७), म्हणजे जवळपास १०५० न्यूटन. सायकलच्या दोन पिस्टनी कॅलिपरमध्ये बऱ्याचदा २२ मिलिमीटरचे पिस्टन असतात, क्षेत्रफळ ३८० चौरस मिलिमीटर. समोरासमोरच्या दोन पिस्टनांपैकी हिशेबात एकच धरायचा, कारण दोन्ही पॅड आधीच मोजले आहेत. तेलाचा दाब येतो २.८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे २८ बार. मागच्या चाकांना हाच हिशेब केला की १६ बार.

चारही चाकांना हाताच्या वायरनं ब्रेक लावून बघितलेल्यांना हायड्रॉलिकचं मोल इथे कळतं. वायर कुठे जास्त वळली की तिथे जोर खाल्ला जातो आणि डावं-उजवं सारखं ठेवण्यात संध्याकाळ जाते. तेलाचा दाब मात्र एका नळीतून दोन चाकांकडे फुटला तरी दोन्हीकडे सारखाच पोचतो. मोटारींनाही हाच प्रश्न होता. माल्कम लॉकहीड यांचं हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट १९१७ चं आहे आणि १९२१ च्या डुसेनबर्ग मॉडेल ए मोटारीला चारही चाकांना असे ब्रेक आले.

मास्टर सिलिंडर: जोर आणि तेल यांची ओढाताण

लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, म्हणून सावकाश वाचा.

मास्टर सिलिंडरचा पिस्टन जितका बारीक, तितका कमी जोरात जास्त दाब तयार होतो. हे कळल्यावर माणूस सर्वांत बारीक सिलिंडर घ्यायला जातो. पण बारीक पिस्टन तेलही थोडंच ढकलतो. कॅलिपरच्या प्रत्येक पिस्टनला पॅडची फट भरून काढायला, आणि नळी फुगते व पॅड दबतो तेवढं धरून, ०.४ मिलिमीटर सरकावं लागतं असं माना. दोन कॅलिपर, चार पिस्टन: ४ × ३८० × ०.४, म्हणजे ६०८ घन मिलिमीटर तेल. सायकलच्या दांड्यातला १० मिलिमीटरचा पिस्टन एवढं तेल द्यायला जवळपास ८ मिलिमीटर सरकावा लागतो. तो एका कॅलिपरसाठी बनवलेला असतो, त्यामुळे दोन कॅलिपर जोडले की दांडा हँडलला टेकतो आणि ब्रेक अर्धवटच लागतो.

म्हणून मोटारसायकलचे मास्टर सिलिंडर घ्या, आणि दोन घ्या: एक पुढच्या चाकांसाठी, एक मागच्यांसाठी. एक नळी फुटली तर दुसरी जोडी जिवंत राहिली पाहिजे. या बाबतीत काटकसर करू नका.

पुढच्या जोडीला १२.७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), म्हणजेच अर्धा इंच, क्षेत्रफळ १२७ चौरस मिलिमीटर. मागच्या जोडीला १५.९ मिलिमीटर, क्षेत्रफळ १९८. मागे मोठा सिलिंडर बघून नवख्यांना वाटतं की मागचा ब्रेक जास्त जोरदार होईल. होतं उलटं. तेवढ्याच जोराला मोठा बोअर कमी दाब देतो. दोन्ही पुशरॉडना (पेडलचा जोर मास्टरच्या पिस्टनपर्यंत नेणाऱ्या दांड्यांना) सारखा जोर मिळाला तर मागचा दाब पुढच्याच्या ०.६४ पट, म्हणजे वाटणी जवळपास ६१ आणि ३९ टक्के. आपल्याला हवे होते ६३ आणि ३७. उरलेला फरक बॅलन्स बार, म्हणजे पेडलचा जोर दोन पुशरॉडमध्ये वाटणारा आडवा दांडा, किंचित सरकवून भरून निघतो.

दोन्ही पुशरॉडवर मिळून ७०० न्यूटनच्या आत जोर लागतो. पेडलचं गुणोत्तर चार ठेवलं, म्हणजे सांध्यापासून पाय पडतो तिथपर्यंतचं अंतर सांध्यापासून पुशरॉडपर्यंतच्या अंतराच्या चौपट, की पायाचा जोर १७५ न्यूटनवर येतो. बसल्या बसल्या १७-१८ किलो दाबणं कोणालाही जमतं. पुढचा पिस्टन ४.८ मिलिमीटर सरकतो, मागचा ३.१. म्हणजे पेडल १६ मिलिमीटर, आणि मोकळी चाल व सांध्यांची ढिलाई मिळून २५ ते ३० मिलिमीटर. पेडल फळीला टेकायच्या आधी निदान तेवढीच जागा आणखी शिल्लक ठेवा.

पेडल आणि त्याची बैठक मात्र १७५ न्यूटनसाठी बनवू नका. घाबरलेला माणूस सीटला पाठ टेकवून १००० न्यूटन सहज लावतो. पेडल वाकलं किंवा मास्टरची पट्टी दबली तर तो सगळा जोर वाया जातो. बैठक सीटच्याच नळीला वेल्ड करा, पातळ पत्र्याला बोल्टनं नको. पेडलमागे एक पक्का अडथळाही हवा. चाकं अडकल्यावर आणखी जोर लावून काही मिळत नाही, फक्त सील आणि जोड्यांचे हाल होतात. हा अडथळा पूर्ण ब्रेक लागल्यानंतर बऱ्याच पुढे यावा, आधी नाही.

जोडणीतल्या ज्या गोष्टी दिसत नाहीत

ग्रॅव्हिटी रेसरमध्ये चालक पाय लांब करून जमिनीलगत झोपल्यासारखा बसतो. त्यामुळे मास्टर सिलिंडर बहुधा कॅलिपरच्या खाली येतो. मोटारसायकलवर असं होत नाही. तेलाची टाकी खाली राहिली की कॅलिपरमधलं तेल हळूहळू मागे उतरायला बघतं आणि हवा वरच्या टोकाला अडकते. उपाय सोपा आहे: वेगळी टाकी असलेला मास्टर घ्या, मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकचे तसे मिळतात, आणि टाकी कॅलिपरच्या वर बांधा.

पेडल सोडल्यावर पुशरॉडला एक मिलिमीटरभर मोकळी चाल राहिलीच पाहिजे. मास्टरमध्ये टाकीकडे जाणारं एक बारीक भोक असतं. पिस्टन पूर्ण मागे आला तरच ते उघडतं. पुशरॉडनं पिस्टन जरा जरी दाबून ठेवला तर भोक बंद राहतं, तेल तापून फुगतं, त्याला परतायला वाट मिळत नाही आणि उतार चालू असताना ब्रेक आपोआप धरायला लागतो. तपासायला टाकीचं झाकण काढा, चष्मा लावा आणि दुसऱ्याला पेडल अगदी सावकाश दाबायला सांगा. दाबाच्या सुरुवातीलाच तेलाच्या पृष्ठभागावर बारीकशी उसळी दिसली तर भोक उघडं होतं. उसळी नसेल तर पुशरॉड आखूड करा.

कॅलिपरची पट्टी स्टिअरिंगसोबत वळणाऱ्या भागावरच हवी. डिस्कवर ५९ न्यूटन-मीटर ७० मिलिमीटरवरून येतात, म्हणजे कॅलिपरला ८४० न्यूटन ओढ बसते. ६ मिलिमीटरची पोलादी पट्टी आखूड ठेवा. नळी जोडल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून बघा. ती कुठे ताणली, टायरला घासली किंवा चिमटली तर मार्ग बदला. नळीचं टोक कॅलिपरला किंवा मास्टरला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टवर, जोडाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचं नवं वॉशर घाला, जुनं परत वापरू नका. बोल्ट बोटानं फिरत नसेल तर पान्यानं रेटू नका: दहा मिलिमीटरच्या बँजोला १ आणि १.२५ मिलिमीटर असे दोन पिच (आट्यांमधलं अंतर) प्रचलित आहेत आणि ते एकमेकांत बसत नाहीत.

चाकांबद्दल एकच. डिस्कचा टॉर्क आऱ्यांमधून टायरपर्यंत जातो. म्हणून आरे एकमेकांना छेदून विणलेलेच हवेत. हबपासून सरळ रिमकडे गेलेले आरे डिस्कच्या चाकाला चालत नाहीत.

तेल

शिमानो आणि मागुराच्या सायकल ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. मोटारसायकलच्या मास्टरमध्ये डॉट ४ (ब्रेकच्या तेलाची एक प्रत) किंवा त्यासारखं तेल असतं. ही दोन्ही कधीही एकत्र करू नका आणि एकाच्या सीलवर दुसरं ओतू नका: मिनरल ऑइलनं डॉटची रबरं फुगतात आणि डॉटनं मिनरलची खराब होतात. आपण मोटारसायकलचा मास्टर घेतला आहे, म्हणून कॅलिपरही डॉटचाच हवा. झाकणावर आणि कॅलिपरवर कोणतं तेल ते छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर तो भाग वापरू नका.

डॉट ४ ताजं असताना २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा शोषल्यावर १५५ ला. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. हवेतला ओलावा ते सतत शोषत असतं, म्हणून फोडून ठेवलेली जुनी बाटली घेऊ नका. रंगावर सांडलं तर रंग उतरतो. लगेच पाण्यानं धुवा.

उष्णतेची भीती किती बाळगावी? ताशी ५० वरून एकदा थांबताना गाडीची सगळी ऊर्जा साडेचौदा किलोज्यूल असते. पुढच्या एका डिस्कच्या वाट्याला त्यातली साडेचार. शंभर-सव्वाशे ग्रॅमची पोलादी डिस्क त्यानं ७५ ते ९५ अंशांनी तापते, म्हणजे चिंतेचं काही नाही. पण दहास एकच्या उतारावर ब्रेक सतत दाबून गाडी ताशी ३६ वर रोखून धरली तर चारही डिस्कमध्ये मिळून दर सेकंदाला १५०० ज्यूल जात राहतात. विजेची शेगडी चालू ठेवण्यासारखं आहे हे. लांब उतारावर ब्रेक जोरात पण थोडा वेळ दाबा, सोडा, डिस्कला वारा लागू द्या.

हवा काढणं

नळीत बुडबुडा राहिला की पेडल मऊ लागतं, कारण पायाचा जोर हवा दाबण्यात जातो. कॅलिपरचं निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सर्वांत वर येईल असा कॅलिपर फिरवा. लागल्यास बोल्ट काढून हातात धरा आणि पॅडच्या मध्ये लाकडी तुकडा घाला. निपलला पारदर्शक नळी लावून सिरिंजनं तेल खालून वर, टाकीकडे ढकलणं सगळ्यात कमी त्रासाचं. टाकी भरून सांडणार नाही इकडे कोणीतरी लक्ष ठेवावं. मग नेहमीच्या पद्धतीनं पेडल दाबून धरा, निपल उघडा, बंद करा, पेडल सोडा, असं बुडबुडे येईनासे होईपर्यंत. मधेमधे कॅलिपरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलके ठोके द्या. पिस्टनमागे चिकटलेले बारीक बुडबुडे त्यानंच सुटतात. नळी कुठे वर उंचवटा करून गेली असेल तर हवा तिथे बसते, म्हणून उंचवटा ठेवूच नका.

उतारावर न्यायच्या आधी

पेडल पूर्ण जोरानं दाबून मिनिटभर धरा. ते खाली खचत गेलं तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टरचं सील गेलंय. प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळून पुन्हा दाबा. ओला झाला तिथे गळती.

मग जोर मोजा. सामान तोलायचा लटकता काटा पेडलला अडकवून १८ किलोपर्यंत ओढून धरा. गाडी जॅकवर घ्या, पुढच्या टायरभोवती दोरी गुंडाळा आणि दुसऱ्या काट्यानं ओढा. चाक २४ किलोच्या आसपास फिरायला हवं, मागचं १४ च्या. डावं-उजवं यांत ठळक फरक आला तर तिथल्या पॅडला तेल लागलंय का, कॅलिपर तिरका बसलाय का ते बघा. कोरे पॅड सुरुवातीला कमी धरतात, म्हणून हीच मोजणी पॅड बसवल्यावर पुन्हा करा.

यानंतरची चाचणी कंटाळा आला तरी टाळू नका. पुढच्या जोडीचं एक निपल उघडा, खाली भांडं ठेवा आणि पेडल दाबा. पुढचा ब्रेक जाईल, बॅलन्स बार तिरका होईल, आणि पेडल टेकायच्या आत मागची चाकं धरली पाहिजेत. मग मागचं निपल उघडून तेच. बार अडकत असेल किंवा पेडल आधीच टेकत असेल, तर तुमच्याकडे दोन मास्टर असूनही ब्रेक एकच आहे. मोकळी चाल आणि अडथळ्याची जागा बदलून पुन्हा करा. झाल्यावर हवा परत काढावी लागेलच.

आता सपाट, रिकाम्या जागेत हेल्मेट घालून कोणाला तरी गाडी ढकलायला सांगा. धावण्याच्या वेगावरून मध्यम दाबानं वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, असं वीस-तीस वेळा. पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात. मग ताशी २० वरून पूर्ण ब्रेक: गाडी तीन-साडेतीन मीटरांत उभी राहिली पाहिजे, आणि कोण आधी अडकतं ते बाजूला उभ्या माणसानं बघायचं. मागचं चाक आधी अडकलं तर बॅलन्स बार पुढच्याकडे सरकवा.

उतारावर पहिली फेरी वरून सोडू नका. खालच्या दोन-तीन मीटर उंचीपासून सुरू करा, प्रत्येक वेळी थांबायचं अंतर मोजा आणि हिशेबाशी जुळतंय तोवरच वर चढा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर डिस्कचे आणि कॅलिपरचे बोल्ट टॉर्क रेंचनं पुन्हा तपासा, बँजोभोवती ओल नाही ना ते बोट फिरवून बघा आणि टाकीतली पातळी खूण करून ठेवा.